मुठींतील पांच कवड्या

न्यायालयांत साक्षीदाराची उलटतपासणी होते, व्यापाऱ्याच्या वहीखात्याचीही होते. परंतु खुद्द प्रमाणासच पिंजऱ्यांत उभें करणारा पुरुष आपल्या देशांत आठशें वर्षांपूर्वीं होऊन गेला, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तो म्हणजे श्रीहर्ष. नलदमयंतीवरील २२ सर्गांच्या नैषधीयचरितामुळें कवि म्हणून त्याचें नांव गाजलें. पण खंडनखंडखाद्य हा तर्कग्रंथ लिहिणारा तोच, हें मुद्दाम सांगावें लागतें.

श्रीहीर व मामल्लदेवी यांचा हा पुत्र बाराव्या शतकांत कनोजच्या दरबारीं मानास चढला. वादांत हरलेल्या बापानें मरतेसमयीं पुत्रास सूड उगविण्यास सांगितलें, अशी कथा राजशेखरसूरीनें १३४८ च्या सुमारास प्रबंधकोशांत दिली आहे. तो जेता नैयायिक उदयनाचार्यच, अशी दंतकथा आहे. परंतु उदयनाच्या लक्षणावलींतील शक ९०६ हा आंकडा खरा धरल्यास दोघांत शतकाहून अधिक अंतर पडतें. अशी साक्ष आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

वैर खोटें असो, वाद मात्र खरा होता. तत्त्वाचा अनुभव म्हणजे यथार्थ ज्ञान, ही उदयनाची व्याख्या. त्यावर श्रीहर्षानें कवड्यांचा दाखला घेतला. एकानें मूठ मिटली. दुसऱ्यानें नुसत्या अंदाजानें पांच कवड्या सांगितल्या. मूठ उघडतां पांचच निघाल्या. मग त्या काकतालीय योगासही ज्ञान म्हणावयाचें काय? प्रमाणें मानल्यावांचून वादच होणार नाहीं, या आक्षेपास त्याचें उत्तर असें कीं, वादास उभयपक्षीं ठरलेले नियम पुरेसे आहेत. तो नास्तिक नव्हता. स्वयंप्रकाश चैतन्य मानणारा अद्वैती होता.

नैयायिकांनीं त्याचें तोंड बंद केलें नाहीं. मिथिलेच्या गंगेशोपाध्यायानें चौदाव्या शतकांत तत्त्वचिंतामणींत त्याच्या आक्षेपांची दखल घेऊन व्याख्या अधिक कांटेकोर केल्या. पुढें शंकरमिश्र या नैयायिकानें तर खंडनावर टीका लिहिली. प्रतिपक्ष्याचा ग्रंथ समजावून सांगणें, ही आमची खरी परंपरा. शास्त्राच्या नांवानें शंका दडपणारे तिचे वारस नव्हेत. सुधारकांनींही ध्यानीं ठेवावें कीं, आपलें मत खरें निघालें एवढ्यानें तें ज्ञान ठरत नाहीं. सनातनी असो वा सुधारक, ज्याची मूठ उघडण्याची तयारी नाहीं, त्याच्या कवड्या आम्हीं कां मोजून घ्याव्या?