अणूंची सामाईक विहीर शोधणारे गिल्बर्ट लुईस

शाळेत विज्ञानाच्या तासाला अणूच्या चिन्हाभोवती ठिपके काढायला सांगतात. ही ठिपक्यांची रीत आणली अमेरिकेचे रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी. पण त्यांचं खरं काम याहून मोठं आहे.

लुईस यांचा जन्म १८७५ चा. बालपण नेब्रास्का या शेतीप्रधान राज्यात गेलं. सुरुवातीचं शिक्षण आई-वडिलांनी घरीच दिलं. १८९९ मध्ये त्यांनी हार्वर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली.

त्याआधी दोनच वर्षं, १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लागला होता. अणू एकमेकांना का धरून राहतात, याचं उत्तर त्यामुळं सोपं वाटू लागलं : एक देतो, दुसरा घेतो. मिठाचंच बघा. सोडियम आपला बाहेरचा एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो. देणारा धन होतो, घेणारा ऋण होतो अन् दोघं एकमेकांकडं ओढले जातात.

पण हायड्रोजन वायूत दोन्ही अणू अगदी सारखे. मग देणार कोण अन् घेणार कोण? इथं घोडं अडलं होतं.

१९०२ मध्ये विद्यार्थ्यांना शिकवताना लुईस अणूंची चौकोनी ठोकळ्यांसारखी चित्रं काढून यावर विचार करत होते. पुढं ते कॅलिफोर्नियात बर्कलेच्या विद्यापीठात गेले आणि १९१६ मध्ये त्यांनी उत्तर छापलं. तिथं कुणी कुणाला काही देत नाही. दोन इलेक्ट्रॉनांची जोडी दोन्ही अणूंत सामाईक असते. दोन भावांत एक विहीर असते, तसंच.

आता विहीर सामाईक असली तरी एकाची मोटार जास्त पाणी ओढते. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन ती जोडी आपल्याकडं ओढतो. म्हणून तो किंचित ऋण, तर हायड्रोजन किंचित धन राहतो. याच ओढीमुळं पाण्यात मीठ विरघळतं. म्हणजे इलेक्ट्रॉन पूर्ण देऊन टाकणं आणि निम्मा-निम्मा वाटा ठेवणं ही एकाच रस्त्याची दोन टोकं आहेत, हे लुईस यांनी दाखवलं. कितीतरी बंध या दोन टोकांच्या मधेच कुठंतरी असतात.

नोबेलसाठी लुईस यांचं नाव वारंवार सुचवलं गेलं, पण ते त्यांना कधीच मिळालं नाही. त्यांच्या हाताखाली घडलेल्या हॅरॉल्ड युरी यांना १९३४ मध्ये आणि ग्लेन सीबोर्ग यांना १९५१ मध्ये मात्र तो मान मिळाला.

२३ मार्च १९४६ रोजी बर्कलेच्या प्रयोगशाळेतच लुईस यांचं निधन झालं. वय ७० होतं, तरी त्या दिवशीही त्यांचा प्रयोग चालूच होता.