सेनापती बापट आणि मुळशीचं पाणी

इंदूर म्हटलं की आपल्याला होळकर आठवतात, राजवाडा आठवतो, रात्रीचा सराफा आठवतो. सेनापती बापट १९१२ साली पोलिसांच्या हाती लागले ते याच शहरात, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. पुण्या-मुंबईत त्यांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत. रस्ता माहीत असतो, माणूस नाही. म्हणून हा लेख.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, नगर जिल्ह्यातल्या पारनेरचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून १९०४ साली ते शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले. तिथे इंग्रजी राज्याविरुद्ध जाहीरपणे बोलले आणि शिष्यवृत्ती गमावून बसले. मग पॅरिसला जाऊन बॉम्ब बनवायची विद्या शिकले आणि १९०८ मध्ये ती घेऊन परत आले. अलीपूर बॉम्ब खटल्यात त्यांचं नाव निघालं आणि काही वर्षं लपतछपत फिरावं लागलं.

या भटकंतीत त्यांना एक गोष्ट जाणवली. आपल्यावर परकं राज्य आहे, याची कितीतरी लोकांना कल्पनाच नव्हती! ज्यांच्यासाठी बॉम्ब बनवायचा, त्यांच्याशी अजून कोणी बोललंच नव्हतं. इंदूरच्या अटकेनंतर सुटून ते पारनेरला आले ते हातात झाडू घेऊनच. गावचे रस्ते स्वतः झाडू लागले. मुलाच्या बारशाला पहिली पंगत बसवली ती गावाने अस्पृश्य मानलेल्या लोकांची. १९१४ सालची ही गोष्ट आहे.

मग आलं मुळशी. त्या काळी मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालायच्या. कोळसा लांबून बंगालच्या खाणींतून यायचा, महाग पडायचा आणि वर धूर व्हायचा. टाटा कंपनीने सह्याद्रीतल्या पावसाच्या पाण्यावर वीज काढायचं ठरवलं. खोपोलीची वीज १९१५ मध्ये सुरू झाली होती. पुढचं मोठं धरण पुणे जिल्ह्यात, मुळशीला, नीला आणि मुळा या नद्यांवर होणार होतं. वीज जाणार मुंबईला आणि बुडणार मावळातली भातखाचरं. पन्नासहून जास्त गावं, सुमारे ११,००० माणसं. जमीन ताब्यात घ्यायला सरकारचा १८९४ चा कायदा होताच.

१६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, शेकडो मावळे धरणाच्या जागेवर निःशस्त्र जाऊन बसले. बायकाही आल्या. बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते गावोगाव फिरत होते. कंपनीला काही महिने काम थांबवावं लागलं. जगातल्या पहिल्या धरणविरोधी आंदोलनांत मुळशीचं नाव घेतात ते यासाठीच.

पण एकी टिकली नाही. कसणारा मावळा वेगळा आणि कागदावरचा मालक वेगळा, अशी बरीच जमीन होती. ती पुण्याच्या सावकारांच्या नावे होती. सावकाराला नुकसानभरपाई चांगली मिळाली की त्याचं काम झालं. मावळ्याला पैशापेक्षा जमीन हवी होती. तुरुंगवास वाढत गेले, माणसं थकली, शहरातला पाठिंबा ओसरला. शेवटी ९ डिसेंबर १९२४ ला बापटांनी मोजक्या साथीदारांसह, शस्त्र हाती घेऊन, धरणाच्या कामावर मजूर नेणारी गाडी अडवली. सात वर्षांची शिक्षा झाली. १९३१ मध्ये ते सुटले तेव्हा धरण पुरं होऊन चार वर्षं झाली होती. सेनापती हे नाव त्यांना मुळशीनेच दिलं. मला वाटतं, त्या गाडीपाशी सेनापती होता, पण सेना मागे राहिली नव्हती.

नंतरही ते स्वस्थ बसले नाहीत. गोवामुक्ती, संयुक्त महाराष्ट्र, सगळीकडे म्हातारपणीही पुढे होते. २८ नोव्हेंबर १९६७ ला ते गेले.

मुळशी हरली, मग आज हे कशाला वाचायचं? आपल्याच मध्य प्रदेशात बघा. सिंगरौलीकडे रिहंद धरणाने उठवलेल्या कितीतरी लोकांना पुढे कोळशाच्या खाणींनी पुन्हा उठवलं. तिथेच महानच्या जंगलातल्या गावांनी महान संघर्ष समिती बनवली. मोहाची फुलं आणि तेंदूपत्ता गोळा करून जगणारी ही माणसं. जंगलावरचा त्यांचा हक्क वनहक्क कायद्यात लिहिलेला होता आणि तो धरूनच ती लढली. २०१५ मध्ये तिथला कोळसा लिलावात न काढायचं केंद्र सरकारने ठरवलं. मुळशीच्या मावळ्याकडे असा कुठलाच कागद नव्हता.

कोळशाची आणि विजेची गरज शहराला असते, म्हणजे आपल्याला. तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या खाणीची बातमी वाचली तर दोन प्रश्न जरूर विचारूया : त्या जमिनीवर राहतं कोण, आणि कागदावर नाव कोणाचं आहे?