मोटोरोलाचे पॉल गॅल्विन: बॅटरी एलिमिनेटर ते कार रेडिओ

तुमच्यापैकी काही जण हे मोटोच्या फोनवरच वाचत असतील. पण मोटोरोला या नावाचा फोनशी मुळात काहीच संबंध नव्हता. त्यातला मोटर म्हणजे मोटारगाडी. आणि ओला हे शेपूट व्हिक्ट्रोला या त्या काळच्या लोकप्रिय ग्रामोफोनच्या नावासारखं. (ओला कॅबशी नातं लावू नका!) थोडक्यात, गाडीतलं संगीत. हे नाव एका कार ॲक्सेसरीचं होतं, आणि ती विकणाऱ्या माणसाचा धंदा त्याआधी दोनदा बुडाला होता. त्या माणसाचं नाव पॉल गॅल्विन.

पॉपकॉर्न, सैन्य आणि पहिला धंदा

पॉलचा जन्म १८९५ सालचा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या हार्वर्ड नावाच्या छोट्या गावातला. (प्रसिद्ध हार्वर्ड विद्यापीठ वेगळं, ते मॅसॅच्युसेट्समध्ये.) हे गाव रेल्वेचं जंक्शन होतं. गाड्या तिथे थांबायच्या आणि शाळकरी पॉल प्रवाशांना पॉपकॉर्न विकायचा. आपल्याकडे कर्जत स्टेशनवर गाडी थांबली की वडापाववाले खिडकीपाशी येतात, साधारण तसंच. गाडी किती वेळ थांबते आणि तेवढ्यात किती माल खपतो, हे गणित त्याला लहानपणीच कळलं.

पुढे इलिनॉय विद्यापीठात दोन वर्षं काढली, पण पदवी झाली नाही. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि पॉल सैन्यात गेला. तोफखान्यात अधिकारी म्हणून फ्रान्सला जाऊन आला. परतल्यावर १९२१ मध्ये एडवर्ड स्टुअर्ट या मित्राबरोबर विस्कॉन्सिनमधल्या मार्शफील्ड इथे बॅटऱ्या बनवायचा कारखाना काढला. दोन वर्षांत कर थकला आणि सरकारने कारखान्याला टाळं लावलं. धंदा संपला.

मग गॅल्विन यांनी शिकागोमध्ये एका मिठाई कंपनीत नोकरी धरली. १९२६ मध्ये स्टुअर्टने पुन्हा बोलावलं, पुन्हा बॅटऱ्यांसाठीच. १९२८ मध्ये हाही धंदा बुडाला. पण या दुसऱ्या कारखान्यात एक नवी वस्तू तयार होऊ लागली होती, ती म्हणजे बॅटरी एलिमिनेटर.

एलिमिनेटर म्हणजे नक्की काय?

बारावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलला टेबलावर पत्र्याचा एक डबा असायचा, एक नॉब आणि लाल-काळे टर्मिनल असलेला. आपण सगळे त्याला बॅटरी एलिमिनेटर म्हणायचो. कोणती बॅटरी एलिमिनेट होते, हे मात्र कुणी विचारायचं नाही. त्याचं उत्तर १९२० च्या दशकातल्या रेडिओत आहे.

त्या वेळचा रेडिओ व्हॅक्यूम ट्यूबवर चालायचा आणि त्याला वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या बॅटऱ्या लागायच्या. ट्यूबची तार तापवायला ए बॅटरी, म्हणजे बहुतेकदा गाडीत असते तशी ६ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी. ट्यूबच्या प्लेटला जास्त व्होल्टेज द्यायला बी बॅटरी. यात ४५ व्होल्टचे कोरडे ब्लॉक एकापुढे एक जोडून ९० किंवा त्याहून जास्त व्होल्ट करायचे. आणि ग्रिडसाठी काही व्होल्टची सी बॅटरी. ए बॅटरी सारखी चार्ज करून आणावी लागायची, बी बॅटऱ्या संपल्या की नव्या विकत घ्याव्या लागायच्या. हे सगळं दिवाणखान्यात! ॲसिड सांडलं की गालिच्याला भोक.

घरात तर वीज आलेली होती. मग थेट का जोडायचं नाही? कारण घरातली वीज एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी, आणि रेडिओला हवी डीसी, एकाच दिशेची. एलिमिनेटर मधे बसून हे काम करायचा. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलायचा, रेक्टिफायर एका दिशेचा प्रवाह करायचा आणि फिल्टर उरलेली लाट सपाट करायचा. फिल्टर हलका पडला की गाण्यामागे सतत गुणगुण ऐकू यायची.

तुमच्या फोनचा चार्जरही हेच करतो. सर्किट आता खूप पुढे गेलंय, पण काम तेच आहे: भिंतीतला एसी घ्या, उपकरणाला हवा तो डीसी द्या.

७५० डॉलरचा लिलाव

स्टुअर्टच्या कंपनीची मालमत्ता लिलावात निघाली तेव्हा पॉल आणि त्यांचा धाकटा भाऊ जोसेफ यांनी ७५० डॉलरना एलिमिनेटरचा विभाग विकत घेतला. २५ सप्टेंबर १९२८ ला शिकागोच्या हॅरिसन स्ट्रीटवरच्या भाड्याच्या जागेत गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशन सुरू झालं. हातात रोख ५६५ डॉलर, कामावर पाच माणसं.

या सौद्यात एक मोठी अडचण होती. गॅल्विन एलिमिनेटर बनवायला लागले, तेव्हाच बाजारात थेट प्लगला जोडता येणारे रेडिओ येत होते. त्यांचा वीजपुरवठा डब्यातच बसवलेला असायचा. म्हणजे जी उणीव भरून काढायला एलिमिनेटर जन्माला आला, ती उणीवच संपत चालली होती. आपणही हे पाहिलंय. फोनमध्ये पुरेसं स्टोरेज आलं आणि मेमरी कार्डाची गरज कमी झाली. नव्या टीव्हीतच ॲप्स आली आणि वेगळी स्टिक कपाटात गेली.

गॅल्विन यांच्या हे लवकर लक्षात आलं. त्यांनी दुसऱ्यांच्या नावाने विकले जाणारे रेडिओ बनवून द्यायला सुरुवात केली. तेवढ्यात ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. घरच्या रेडिओच्या बाजारात मोठ्या कंपन्या किमती पाडून माल काढत होत्या. छोट्या कारखान्याला तिथे जागाच उरली नाही. दोनदा बुडालेल्या माणसासमोर तिसरं बुडणं उभं होतं, आणि या वेळी धाकटा भाऊही सोबत होता.

गाडीत रेडिओ बसवणं इतकं अवघड का होतं?

गाडीत रेडिओ ही कल्पना नवीन नव्हती. हौशी लोक आधीपासून खटपट करत होते, पण काम महाग आणि बेभरवशाचं होतं. गॅल्विन यांनी ठरवलं की सामान्य गाडीवाल्याला परवडेल असा रेडिओ बनवायचा. विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग हे तरुण तंत्रज्ञ या कामात होते. (हेच लिअर पुढे लिअरजेट विमानांमुळे प्रसिद्ध झाले.) अडचणी मुख्यतः तीन होत्या.

पहिली, आवाज. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग सतत ठिणगी टाकतो आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटा रेडिओ ट्रान्समीटरच. त्यामुळे इंजिन चालू केलं की गाण्याऐवजी खरखर. उपाय म्हणजे प्लगच्या वायरींवर रेझिस्टर, जनरेटरवर कपॅसिटर आणि रेडिओभोवती धातूचा बंद डबा.

दुसरी, वीज. गाडीची बॅटरी ६ व्होल्टची. ट्यूबची तार त्यावर तापेल, पण प्लेटला लागणारं मोठं व्होल्टेज कुठून आणायचं? सुरुवातीला गाडीचा तळ कापून तिथे वेगळ्या बॅटऱ्यांचा डबा बसवायचे. काही वर्षांनी व्हायब्रेटर आला. त्यातली एक पट्टी सेकंदाला शेकड्याहून जास्त वेळा उघड-बंद होऊन डीसीचे तुकडे करायची, मग ट्रान्सफॉर्मर ते व्होल्टेज वाढवायचा. तुमची पॉवर बँक आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलमधून ५ व्होल्ट काढते, तेव्हा तीही असंच तोडजोड करून व्होल्टेज वाढवते. फक्त पट्टीच्या जागी ट्रान्झिस्टर असतो.

तिसरी, जागा. डॅशबोर्ड उघडायचा, रिसीव्हर आणि स्पीकर बसवायचे, ॲन्टेनासाठी छताचं आतलं कापड काढायचं. दोन माणसांचं काही दिवसांचं काम.

या काळातला एक किस्सा नेहमी सांगितला जातो. कर्ज मिळावं म्हणून गॅल्विन यांनी एका बँकरच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला आणि थोड्याच वेळात त्या गाडीला आग लागली. कर्ज मिळालं नाही, हे वेगळं सांगायला नको.

अटलांटिक सिटी, १९३०

जून १९३० मध्ये अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांचं अधिवेशन होतं. स्टॉल घ्यायला पैसे नव्हते. गॅल्विन यांनी आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला, पत्नी लिलियनला सोबत घेतलं आणि शिकागोहून सुमारे १,३०० किलोमीटर गाडी चालवत गेले. अधिवेशनाच्या दाराबाहेर गाडी उभी केली आणि आवाज मोठा केला. येणारे-जाणारे विक्रेते थांबून ऐकू लागले आणि ऑर्डरी आल्या.

हा डेमो फक्त आवाजाचा नव्हता. इतका प्रवास करून, खड्डे खाऊन रेडिओ अजून चालू आहे, हेच विक्रेत्यांना पटवायचं होतं. ५टी७१ हे ते मॉडेल. किंमत ११० ते १३० डॉलर. तेव्हा साधी नवी फोर्ड गाडी ५०० डॉलरच्या आसपास मिळायची. म्हणजे रेडिओ काही स्वस्त नव्हता, पण एखाद्या हौशी माणसाने हाताने बसवलेल्या सेटपेक्षा बराच आवाक्यात होता. याच रेडिओला मोटोरोला हे नाव मिळालं.

खरा माल म्हणजे फिटिंग

रेडिओ तयार झाला, तरी तो बसवणार कोण? प्रत्येक गाडीचं इंजिन वेगळं, डॅशबोर्ड वेगळा, खरखर येण्याची जागा वेगळी. चांगला रेडिओ चुकीचा बसवला की ग्राहक रेडिओलाच शिव्या घालतो. त्यामुळे नीट फिटिंग करणारी माणसं तयार करणं हे रेडिओ बनवण्याइतकंच महत्त्वाचं झालं. १९३४ मध्ये गुडरिच या टायर कंपनीच्या दुकानांमधून रेडिओ विकायचा आणि तिथेच बसवून द्यायचा करार झाला. तोवर फिटिंगसकट किंमत ५५ डॉलरपर्यंत उतरली होती.

टायरच्या दुकानात का? कारण गाडीवाला तिथे तसाही येतो, जॅक आणि हत्यारं तिथे असतात आणि काम करणाऱ्यांना गाडीखाली जायची सवय असते. पॉपकॉर्न विकणाऱ्या मुलाचंच हे गणित: गाडी जिथे थांबते तिथे माल घेऊन उभं राहायचं.

खिशापर्यंतचा प्रवास

१९३६ मध्ये कंपनीने पोलीस गाड्यांसाठी पोलीस क्रूझर नावाचा रिसीव्हर काढला. तो पोलिसांच्या ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर आधीच लावलेला असायचा. त्याच वर्षी गॅल्विन कुटुंबासोबत युरोपला गेले आणि युद्ध येणार, याची त्यांना खात्री पटली. १९४० मध्ये हातात धरून बोलता येणारा हँडी-टॉकी आला. वजन सुमारे सव्वादोन किलो. डॅनियल नोबल हे प्राध्यापक कंपनीत आले आणि १९४३ मध्ये पाठीवर घ्यायचा एफएम वॉकी-टॉकी तयार झाला. दुसऱ्या महायुद्धात हे दोन्ही सेट सैनिकांच्या हाती होते.

कंपनी वाढत होती, पण घरात मोठा आघात झाला. ऑक्टोबर १९४२ मध्ये लिलियन यांची राहत्या घरी हत्या झाली. अटलांटिक सिटीच्या प्रवासात शेजारच्या सीटवर बसलेली सोबतीण गेली. मुलगा रॉबर्ट तेव्हा वीस वर्षांचा होता.

१९४७ मध्ये कंपनीने आपलं मूळ नाव सोडून मोटोरोला हे नाव घेतलं. मालकाचं आडनाव मागे पडलं आणि ॲक्सेसरीचं नाव वर आलं. त्याच वर्षी कामगारांना नफ्यात वाटा देण्याची योजना सुरू झाली. त्याच सुमारास २०० डॉलरच्या आतला टीव्हीही बाजारात आणला. १९५६ मध्ये रॉबर्ट अध्यक्ष झाले आणि ५ नोव्हेंबर १९५९ ला पॉल गॅल्विन यांचं रक्ताच्या कर्करोगाने निधन झालं. १९७३ मध्ये याच कंपनीच्या मार्टिन कूपर यांनी हातातल्या मोबाइलवरून पहिला कॉल केला, तो पाहायला ते नव्हते.

तुमच्या गाडीसाठी यातून काय घ्याल?

गॅल्विन यांच्यासमोरचे प्रश्न आजही डॅशकॅम, अँड्रॉइड स्टीरिओ किंवा ॲम्प्लिफायर घेताना तसेच समोर येतात.

आधी बघा, ही वस्तू कोणती उणीव भरते आणि ती उणीव किती दिवस टिकणार आहे. पुढच्या वर्षी फोन किंवा गाडी बदलणार असाल आणि नव्यात ती सोय आधीच असेल, तर महाग मॉडेल कशाला?

मग बघा, वीज कुठून घेणार. व्होल्टेज जुळलंच पाहिजे, आणि पुरवठ्याची अँपिअरची क्षमता उपकरणाच्या गरजेइतकी किंवा जास्त हवी. बॅटरीवरून थेट वायर ओढत असाल, तर फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा. म्हणजे वाटेत कुठेही वायर घासून शॉर्ट झाली तरी फ्यूज उडेल, गाडी पेटणार नाही.

इंजिनचा वेग वाढला की स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज येतोय? लगेच नवा स्टीरिओ घेऊ नका. आधी अर्थिंग तपासा. काळी वायर रंग खरवडलेल्या स्वच्छ धातूवर घट्ट बसली आहे का? ऑडिओची वायर पॉवरच्या वायरीला चिकटून तर जात नाही ना?

आणि दुकानात किंमत विचारताना फिटिंगसकटची किंमत विचारा. कोण बसवणार, मूळ वायरिंग कापणार की तयार कपलर वापरणार, नंतर बिघडलं तर कोण बघणार, हे पैसे देण्याआधीच ठरवून घ्या. मोटोरोला उभी राहिली ती या प्रश्नांची उत्तरं ग्राहकावर न सोडल्यामुळे.