व्हिक्टर हॉर्स्ली

सर व्हिक्टर अलेक्झांडर हेडन हॉर्स्ली (१४ एप्रिल, इ.स. १८५७ - १६ जुलै, इ.स. १९१६) हे ब्रिटिश शल्यविशारद आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. मेंदू व मेरुरज्जू यांच्या शस्त्रक्रियेचे ते एक आद्य प्रवर्तक मानले जातात. मेरुरज्जूवर दाब आणणाऱ्या गाठीचे स्थान रुग्णाच्या लक्षणांवरून आधी निश्चित करून ती यशस्वीपणे काढण्याची पहिली शस्त्रक्रिया त्यांनी ९ जून १८८७ रोजी लंडन येथे केली.

जन्म आणि शिक्षण

हॉर्स्ली यांचा जन्म लंडनमधील केन्सिंग्टन येथे झाला. त्यांचे वडील जॉन कॅलकॉट हॉर्स्ली हे नावाजलेले चित्रकार होते. १८४३ साली विक्रीस आलेल्या पहिल्या नाताळ शुभेच्छापत्राचे चित्र त्यांचेच. व्हिक्टोरिया राणीची कन्या बिआट्रिस हिचा जन्मही १४ एप्रिल १८५७ रोजीच झाला. या योगायोगामुळे बालकाचे नाव राणीच्या इच्छेनुसार व्हिक्टर ठेवण्यात आले. केंट परगण्यातील क्रॅनब्रुक येथे शालेय शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये वैद्यकाचा अभ्यास केला. भुलीच्या औषधांचा मेंदूवर काय परिणाम होतो हे जाणण्यासाठी त्यांनी तरुणपणी स्वतःलाच अनेकदा भूल देऊन निरीक्षणे नोंदवली. स्वतःच्या मतासाठी स्वतःचा जीव पणाला लावण्याचा हा स्वभाव पुढे आयुष्यभर टिकला.

संशोधन

१८८४ ते १८९० या काळात ते लंडनच्या ब्राउन इन्स्टिट्यूशनचे प्रमुख होते. माकडांची अवटू ग्रंथी काढून टाकल्यास मिक्सिडिमा या विकारासारखी लक्षणे दिसतात, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले. पाश्चर यांच्या रेबीजविषयक कामाची तपासणी करण्यासाठी १८८६ मध्ये नेमलेल्या ब्रिटिश समितीचे ते चिटणीस होते. पाश्चर यांचे निष्कर्ष त्यांनी स्वतः प्रयोग करून पडताळले आणि कुत्र्यांना मुसके बांधण्याच्या सक्तीचा आग्रह धरला. हा आग्रह श्वानप्रेमी मंडळींना अजिबात रुचला नाही. तरी १९०२ पर्यंत ब्रिटनमधून रेबीजचे उच्चाटन झाले. १८८६ मध्येच, वयाच्या २९ व्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

त्याच वर्षी क्वीन स्क्वेअर येथील पक्षाघात व अपस्माराच्या राष्ट्रीय रुग्णालयात त्यांची शल्यविशारद म्हणून नेमणूक झाली. २५ मे १८८६ रोजी त्यांनी तेथे बालपणीच्या डोक्याच्या दुखापतीमुळे झटके येणाऱ्या एका तरुणाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. माकडांच्या मेंदूवरील प्रयोगांतून कोणता भाग कोणत्या अवयवाची हालचाल घडवतो याचा नकाशा त्यांच्या मनात पक्का झालेला होता. त्या नकाशाच्या आधाराने कवटी कोठे उघडावयाची हे त्यांनी ठरवले.

मेरुरज्जूवरील शस्त्रक्रिया

१८८७ साली गिल्बी नावाचा ४२ वर्षांचा एक कॅप्टन विख्यात मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांच्याकडे आला. डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली सुमारे तीन वर्षे त्याला असह्य वेदना होत होत्या. अनेक वैद्य झाले, हवापालट झाला, परंतु उतार पडला नाही. बाहेरून पाठीवर काहीच दिसत नसल्यामुळे दुखण्याचे मूळ कोणाच्या हाती लागत नव्हते. अखेर दोन्ही पाय लुळे पडले, लघवी अडू लागली आणि छातीखालचा भाग बधिर झाला. तेव्हा ही नुसती पाठदुखी नाही हे स्पष्ट झाले. गॉवर्स यांनी वेदनेची जागा, बधिरतेची वरची सीमा आणि पायांतील लकवा यांची सांगड घालून निदान केले. मेरुरज्जूवर बाहेरून दाब आणणारी एक गाठ छातीच्या वरच्या मणक्यांपाशी असली पाहिजे, असे ते निदान होते. क्ष-किरणांचा शोध १८९५ मधील असल्यामुळे निदानाला कोणत्याही चित्राचा आधार नव्हता. तर्क चुकला असता तर रुग्णाची पाठ विनाकारण उघडली गेली असती, आणि त्या काळी एवढ्या जखमेतील जंतुसंसर्गही प्राणघातक ठरत असे.

९ जून रोजी हॉर्स्ली यांनी भुलीखाली पाठीच्या मध्यरेषेवर छेद घेतला आणि मणक्यांच्या मागील कमानी काढून मेरुरज्जूचे आवरण उघडले. या कृतीला लॅमिनेक्टॉमी म्हणतात. ठरलेल्या जागी गाठ नव्हती. एक कमान आणखी काढली, तरीही काही दिसले नाही. जखम बंद करावी अशी वेळ आली असता साहाय्यक चार्ल्स बॅलन्स यांनी अजून वर जाण्याचा आग्रह केला असे सांगितले जाते. हॉर्स्ली यांनी वरचे आणखी हाड काढले. तेथे मेरुरज्जूच्या डाव्या बाजूस बदामाच्या आकाराची गाठ होती. ती अलगद सुटून आली.

गाठ अपेक्षेपेक्षा वर का सापडली, हा प्रश्न शस्त्रक्रियेइतकाच महत्त्वाचा आहे. मेरुरज्जूतून निघणाऱ्या चेता कण्याच्या पोकळीत काही अंतर खाली उतरून मग बाहेर पडतात. शिवाय त्वचेच्या एकाच पट्ट्याला शेजारच्या चेतांचाही पुरवठा असतो, त्यामुळे एक चेता निकामी झाली तरी तेथील संवेदना बऱ्याच अंशी टिकून राहते. परिणामी बधिरतेची सीमा खऱ्या विकारस्थानाच्या खाली दिसते. म्हणून शोध नेहमी वरच्या बाजूस वाढवावयाचा, हा धडा या शस्त्रक्रियेने दिला. पुढे चार्ल्स शेरिंग्टन यांच्या प्रयोगांनी त्याला शास्त्रीय बैठक मिळाली.

रुग्णाची सुधारणा संथ होती. आरंभी वेदना कमी न होता पायांची अवस्था अधिक बिघडल्यासारखी वाटली, मात्र काही महिन्यांत तो चालू लागला. वर्षभरानंतर दिवसाचे सोळा तास काम करण्याइतकी ताकद त्याच्या अंगी आली होती. गॉवर्स आणि हॉर्स्ली यांनी १८८८ मध्ये या रुग्णाचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांनी त्यात पूर्वी नोंदलेल्या अशा गाठींची माहितीही एकत्र केली. त्यांतील कित्येक रुग्ण शस्त्रक्रियेने वाचू शकले असते, हे त्यातून दिसून आले.

कण्यावरील शस्त्रक्रिया हॉर्स्ली यांच्यापासूनच सुरू झाली असे म्हणणे मात्र बरोबर नाही. ग्लासगो येथे विल्यम मॅक्युएन यांनी त्याआधीच मणक्यांच्या कमानी काढून पक्षाघाताचे रुग्ण बरे केले होते. पाठदुखीच्या नित्याच्या कारणांपर्यंत शल्यविशारदांचे लक्ष तर बऱ्याच उशिरा पोहोचले. १९०९ मध्ये बर्लिनच्या ओपेनहाइम व क्राउझे यांनी कण्यातून काढलेल्या ज्या तुकड्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला, तो त्यांना कूर्चेची गाठ वाटला होता. वस्तुतः ती मणक्यांमधील सरकलेली चकती होती. चकती सरकल्याने चेता दाबली जाऊन पाठ व पाय दुखतात, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले. दरम्यान १९११ मध्ये न्यू यॉर्कच्या हिब्ज आणि अल्बी यांनी मणके एकमेकांशी जुळवून टाकण्याची शस्त्रक्रिया स्वतंत्रपणे पुढे आणली. तिचा आरंभीचा उपयोग मुख्यतः मणक्यांच्या क्षयासाठी होता. दाब दूर करणे आणि अस्थिर कणा स्थिर करणे, या दोन वाटांवरच आजच्या कण्याच्या बहुतेक शस्त्रक्रिया चालतात. साध्या पाठदुखीत मात्र बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रियेची गरजच पडत नाही.

साधने आणि शस्त्रक्रियेची पद्धत

हाडातून होणारा रक्तस्राव थांबवण्यासाठी हॉर्स्ली यांनी १८९२ मध्ये मधमाश्यांचे मेण, बदामाचे तेल आणि सॅलिसिलिक आम्ल यांचे मिश्रण सुचवले. तशा प्रकारचे मेण आजही वापरात आहे. रॉबर्ट हेन्री क्लार्क यांच्यासह १९०८ मध्ये त्यांनी वर्णन केलेल्या यंत्रामुळे प्राण्याच्या मेंदूतील नेमक्या बिंदूपर्यंत सुई पोहोचवता येऊ लागली. मानवी रुग्णासाठी अशा यंत्राचा उपयोग होण्यास १९४७ साल उजाडले. त्यांचा हात अतिशय वेगाने चाले. १९०० मध्ये लंडनला आलेले तरुण अमेरिकन शल्यविशारद हार्वी कुशिंग यांना ही घाई रुचली नाही, आणि पुढे त्यांनी याच्या नेमकी उलट, सावकाश व काटेकोर अशी पद्धत रूढ केली.

सार्वजनिक जीवन

१८८७ मध्ये त्यांचा विवाह एल्ड्रेड ब्रॅमवेल यांच्याशी झाला. १९०२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. ते कट्टर मद्यनिषेधवादी होते आणि मेरी स्टर्ज यांच्यासह त्यांनी १९०७ मध्ये मद्य व मानवी शरीर या विषयावर ग्रंथ लिहिला. स्त्रियांच्या मताधिकाराचे त्यांनी उघड समर्थन केले आणि तुरुंगात उपोषण करणाऱ्या स्त्रियांना बळजबरीने अन्न भरवण्यास विरोध केला. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याची बाजू घेतल्यामुळे व्यवसायबंधूंचाही रोष त्यांनी ओढवून घेतला. संसदेत जाण्याचे त्यांचे प्रयत्न फळले नाहीत. वादात नमते घेणे त्यांना कधीच जमले नाही.

पहिले महायुद्ध आणि मृत्यू

महायुद्धात ते लष्कराच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. १९१५ मध्ये इजिप्तमध्ये काम केल्यानंतर १९१६ मध्ये ते स्वेच्छेने मेसोपोटेमियात गेले. तेथील फौज प्रामुख्याने ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्याची होती. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत येथे शरण आलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणींचाही समावेश होता. जखमींसाठी नौका, बर्फ, औषधे आणि शुश्रूषा यांची तेथे भीषण टंचाई होती. १९१७ च्या चौकशी आयोगाच्या अहवालात ही अनास्था जगासमोर आली. हॉर्स्ली यांनी ती आधीच पाहिली होती आणि वरिष्ठांकडे तिच्याविरुद्ध आवाज उठवला होता. जुलैच्या कडक उन्हातही त्यांनी विश्रांती घेतली नाही. उष्माघाताने १६ जुलै १९१६ रोजी अमारा येथे, वयाच्या ५९ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. अमारा येथील युद्ध दफनभूमीत त्यांना दफन करण्यात आले.