संगणकाला मराठी अक्षर देणारे र. कृ. जोशी

र. कृ. जोशी हे नाव अनेकांना ठाऊक नसेल, पण संगणकावर मराठी वाचणाऱ्या बहुतेकांनी त्यांचे काम पाहिलेले असते. सरकारी कार्यालयांतले आणि दवाखान्यांतले कितीतरी मराठी कागद ‘मंगल’ या फॉन्टमध्ये छापले गेले, तो फॉन्ट जोशींच्या देखरेखीखाली घडला.

रघुनाथ कृष्ण जोशी यांचा जन्म १९३६चा. मुंबईच्या जे. जे. मध्ये उपयोजित कला शिकून ते जाहिरातीच्या व्यवसायात गेले आणि ‘उल्का’त कलादिग्दर्शक म्हणून वीसेक वर्षे राहिले. ते कविता करत, सुलेखन करत. १९८३मध्ये पवईच्या आयआयटीत ते प्राध्यापक झाले. तेथून निवृत्त झाल्यावर जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संगणक संस्थेत अक्षरांचे काम करू लागले.

त्या कामाचे मोल कळण्यासाठी संगणकातले दोन थर समजून घ्यायला हवेत. झोपेतही श्वास चालू राहतो, तो मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांमुळे. लिहिणे, पोहणे, पेटी वाजवणे ही कौशल्ये त्या आधारावर चालतात. संगणकात ऑपरेटिंग सिस्टीम हा तो तळ: विंडोज, लिनक्स, मोबाइलमधले अँड्रॉइड. कोणती कळ दाबली, फाइल कोठे ठेवायची, पडद्यावर काय उमटवायचे हे ती सांभाळते. वर्ड, एक्सेल, व्हॉट्सॲप ही झाली ॲप्लिकेशन्स, म्हणजे कौशल्ये. (माणसाला पोहणे विसरता येत नाही; ॲप मात्र क्षणात काढून टाकता येते. उपमा तेवढ्यापुरतीच.)

पूर्वी तळाला मराठी येत नव्हते. मराठीचे सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. पडद्यावर मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच असत. तोच फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. लग्नपत्रिकेत हे हसण्यावारी नेता येते. रुग्णाचे नाव किंवा औषध दिवसातून किती वेळा घ्यायचे ती ओळ अशी बिघडली तर नाही.

१९९१मध्ये आलेल्या युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला जगभर एकच क्रमांक दिला. पण क्रमांक म्हणजे आकार नव्हे. ‘चिपळूण’ हा शब्द संगणकात सहा क्रमांकांनी साठवला जातो: च, वेलांटी, प, ळ, दीर्घ उकार, ण. वेलांटी चनंतर साठवलेली असते, दाखवायची मात्र चच्या आधी. ‘रत्नागिरी’त त अर्धा करून नला जोडायचा. ही जुळवाजुळव ऑपरेटिंग सिस्टीमने करायची आणि आकार फॉन्टने पुरवायचे. विंडोज २०००मध्ये ही सोय तळातच आली, सोबत ‘मंगल’ आला. तमिळचा ‘लता’, तेलुगूचा ‘गौतमी’, गुजरातीचा ‘श्रुती’ हेही जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचेच. मराठी आता एखाद्या खास सॉफ्टवेअरची मालमत्ता राहिली नाही; पत्रात, तक्त्यात, ईमेलमध्ये ती सारखीच उमटू लागली.

कागदावर ‘मंगल’ थोडा बोजड दिसतो, हे खरेच. सुलेखनकाराच्या हातातला जाड-बारीक रेषेचा डौल त्यात नाही. पण तेव्हाच्या पडद्यांवर एकेका अक्षराच्या वाट्याला मोजके ठिपके येत. तेवढ्यात अनुस्वार, मात्रा आणि जोडाक्षर स्पष्ट वाचता यायला हवे होते. आयुष्यभर सुंदर अक्षर काढलेल्या माणसाने येथे डौलापेक्षा वाचनीयता वरची मानली.

५ फेब्रुवारी २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जोशींचे निधन झाले. पुढे विंडोज ८पासून ‘मंगल’ची जागा बऱ्याच ठिकाणी ‘निर्मला’ने घेतली. तरी ‘मंगल’मध्ये केलेली फाइल आजच्या संगणकावर किंवा मोबाइलवर नीट वाचता येते, कारण आत साठवलेले असतात ते युनिकोडचे क्रमांक. त्याआधीच्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली मात्र युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात.