जे. बी. एस. हाल्डेन

एका मुलाला त्याच्या शास्त्रज्ञ वडिलांनी कोळशाच्या खाणीत नेले. तेथे छताजवळ मिथेन वायू साठला होता. वडिलांनी त्याला उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील एक भाषण म्हणायला सांगितले. मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली पडला. जमिनीलगतची हवा चांगली होती, म्हणून तो लवकरच सावरला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, हा धडा तो पुन्हा कसा विसरणार?

हा मुलगा म्हणजे जॉन बर्डन सँडर्सन हाल्डेन. त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे झाला. विज्ञानाची पदवी त्यांनी कधी घेतलीच नाही. तरीही पुढे ते केंब्रिज विद्यापीठात जीवरसायनशास्त्र शिकवू लागले.

निर्जीव पदार्थांतून पहिला जीव कसा निर्माण झाला असेल? १९२९ मध्ये हाल्डेन यांनी एका लेखात आपला तर्क मांडला. पृथ्वीच्या आरंभीच्या हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. त्यामुळे सूर्याचे अतिनील किरण थेट खाली पोहोचत. पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया यांवर ते पडून साखरेसारखे पदार्थ तयार झाले असावेत. आज असे अन्न उघडे राहिले, तर जंतू ते खाऊन टाकतात. तेव्हा खायला जंतूच नव्हते! म्हणून समुद्राचे पाणी गरम, पातळ रश्शासारखे झाले असावे. त्यातच अर्धवट सजीव असे मोठे रेणू बनले. ते स्वतःसारखे दुसरे रेणू घडवीत, पण लागणारा माल आयता मिळाला तरच.

रशियात ओपारिन यांनी १९२४ मध्येच असा विचार मांडला होता. १९६३ मध्ये दोघे अमेरिकेत भेटले, तेव्हा हाल्डेन यांनी पहिलेपणाचा मान मोकळ्या मनाने ओपारिन यांना दिला. त्याआधी १९५३ मध्ये स्टॅन्ली मिलर यांनी मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांत विजेच्या ठिणग्या पाडून अमिनो आम्ले मिळवली होती. ही आम्ले साखळीसारखी जोडली की पेप्टाइड बनते.

हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले. १९६१ मध्ये ते भारताचे नागरिक झाले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

१९९६ मध्ये अमेरिकेत शास्त्रज्ञांनी ३२ अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड बनवले. ते आपल्याच दोन तुकड्यांना जवळ आणून जोडते आणि स्वतःसारखे दुसरे पेप्टाइड घडवते. मात्र ते दोन तुकडे प्रयोगशाळेत तयार करून द्यावे लागतात.