खातिजा सिदेक : उमेदवारी मागणारी मलय स्त्री

सुमात्रा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, परियामान येथे १९१८ साली खातिजा सिदेक यांचा जन्म झाला. तेथील मिनांगकाबाऊ समाज धर्माने मुस्लिम. परंतु घर आणि शेती आईकडून मुलीकडे जाते व लग्नानंतर पुरुष पत्नीच्या घरी राहावयास येतो. खातिजाबाईंच्या पुढील हट्टाचे मूळ या माहेरात शोधावे लागते.

इंडोनेशियाच्या स्वातंत्र्ययुद्धात त्यांनी मुलींचे पथक उभारले. पुढे त्या सिंगापूरला आल्या. १९४८ मध्ये मलायात आणीबाणी पुकारली गेली, त्यांना अटक झाली आणि तुरुंगातच त्या बाळंत झाल्या. सुटकेनंतर सिंगापूरची दारे बंद झाल्याने त्यांनी जोहोर बारू येथे बिऱ्हाड थाटले.

१९५३ साली त्या 'अम्नो' पक्षात आल्या आणि वर्षभरातच 'कौम इबू' या महिला शाखेच्या प्रमुख झाल्या. कौम इबू म्हणजे मातृवर्ग. शाखेचे नाव असे, आणि अपेक्षाही तशीच: सभेचा स्वयंपाक सांभाळावा, दारोदार जाऊन मते मागावीत. खातिजाबाई गावोगाव हिंडल्या, सभासद वाढवल्या आणि मग हिशेब मागितला. उमेदवारी हवी, कार्यकारिणीत जागा हव्यात, तरुणींची वेगळी शाखा हवी. १९५५ च्या निवडणुकीत ५२ जागांपैकी अवघी एक स्त्री निवडून आली, हलिमातोन अब्दुल मजीद. खातिजाबाईंनी तक्रार थांबवली नाही. १९५६ मध्ये शिस्तभंगाचा ठपका ठेवून त्यांना पक्षातून काढण्यात आले. स्वातंत्र्य तेव्हा वर्षावर आले होते.

आश्चर्य असे, की त्यांना उमेदवारी दिली ती 'पास' या धर्मनिष्ठ पक्षाने. १९५९ मध्ये तेरेंगानू राज्यातील दुंगुनमधून त्या संसदेत गेल्या. १०४ सदस्यांत स्त्रिया तीनच होत्या. त्यांचा मतदारसंघ ज्या किनाऱ्यावर होता, तेथे त्या काळी घटस्फोटाचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांत मोडत असे. तलाकानंतर स्त्रीने माहेरी परतावे, भातशेतीत किंवा बाजारात राबावे आणि पुन्हा लग्न करावे, हे सर्रास चाले. त्यात कलंक नव्हता, पण सुरक्षितताही नव्हती. पुढील दोन-तीन दशकांत मुली शाळेत टिकल्या, लग्नाचे वय वाढले, जोडीदाराची निवड स्वतः करण्याची प्रथा रुळली आणि हे प्रमाण झपाट्याने उतरले.

१९६९ मध्ये फातिमा हाशिम देशाच्या पहिल्या महिला मंत्री झाल्या. १९७१ मध्ये 'कौम इबू'चे नाव बदलून 'वनिता अम्नो' झाले. खातिजाबाई तेव्हा राजकारणाच्या कडेला होत्या. १९८२ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या आठवणी पुस्तकरूपाने छापून आल्या त्या १९९५ मध्ये.